कारखान्याचा मेसेज वाजत नाही

काका : नाही हो, पडलाबिडला नाही. पाण्यातही गेला नाही. फोन धडधाकट आहे, फक्त मुका झालाय.

दुरुस्तीवाली : मुका कसा, काका? आत्ता दुकानात शिरताना वाजला की.

काका : तो हिच्या बहिणीचा. तिचे बरोबर वाजतात. सकाळी फुलं पाठवते, दुपारी सुविचार, रात्री दोन्ही एकत्र. कारखान्याचा मेसेज तेवढा वाजत नाही. पंधरवडा झाला, हूं नाही की चूं नाही.

काकू : आलाच नसेल. आला नाही तर वाजेल कसा? चला घरी. यांची गिऱ्हाइकं खोळंबलीत.

दुरुस्तीवाली : कुणी नाहीये, काकू. बसा ना.

काकू : मी उभीच बरी.

काका : ऐका! बँकेत दोन मिनिटं उभं राहावं लागलं तर मॅनेजरची खुर्ची मागते ही.

दुरुस्तीवाली : काका, तुम्हीही जरा फेऱ्या थांबवा. काउंटरची काच हलतेय. कारखान्यातून काय यायचंय?

काका : बोलावणं. मी निवृत्त झालो, बॉयलर नाही झाला. माझ्या जागी आलेला माणूस हुशार आहे. तो रजेवर गेला की त्याच्याहून हुशार येतो, आणि मग वाफ कुठे जाते ते कुणालाच कळत नाही. म्हणून साहेब म्हणाले, अडलं की मेसेज टाकतो, तुम्ही लगेच हो-नाही कळवा. आणि परवा साहेब बाजारात दिसले. मला बघितलं आणि टोमॅटो निवडायला लागले. टोमॅटो! त्यांच्या घरी स्वयंपाकाला माणूस आहे.

दुरुस्तीवाली : म्हणजे रागावलेत.

काका : म्हणजे त्यांनी मेसेज टाकला आणि माझं उत्तर गेलं नाही.

काकू : किंवा त्यांना टोमॅटो हवे होते.

दुरुस्तीवाली : बघू या. आवाज चालू आहे. ‘व्यत्यय नको’ बंद आहे. बॅटरी सेव्हर चालू दिसतोय.

काका : तो मी केला. जळण जपून वापरावं.

दुरुस्तीवाली : बंद करते. पण त्यानं सगळ्यांचेच मेसेज रखडले असते, एकट्या कारखान्याचे नाही. आणि स्पीकरच्या भोकांचं हे काय केलंत?

काका : सुईनं साफ केली. मग फुंकली. मग ही म्हणाली, रिकाम्या पातेल्यात ठेवा, आवाज घुमेल.

काकू : तेवढंच पातेल्याशेजारी चार दिवस शांत बसले.

दुरुस्तीवाली : पण काका, नाही वाजला तरी आपण उघडून बघू शकतो की.

काका : उघडून? घंटा झाल्याशिवाय? बाई, बॉयलरवरचा पहिला धडा हा. घंटा वाजल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही, आणि जिथली वाजली तेवढंच उघडायचं. फोनलाही मी तेच लावतो. आमच्याकडे दोघं होते, उगाच उघडझाप करणारे. एकाच्या भुवया अजून उगवल्या नाहीत.

दुरुस्तीवाली : आणि दुसरा?

काका : तो साहेब झाला.

दुरुस्तीवाली : ही तुमची सवय घरात सगळ्यांना ठाऊक आहे?

काका : घरात आहे कोण? ही आणि मी.

काकू : अहो, मला तहान लागलीये. समोरून पाण्याची बाटली आणता?

काका : तुझ्या पिशवीत आहे.

काकू : ती गार नाही.

(दुरुस्तीवाली फोनचा पडदा काकांऐवजी काकूंकडे वळवते.)

दुरुस्तीवाली : काकू, हे बघता का जरा?

काकू : मला चष्म्याशिवाय दिसत नाही.

काका : डोळ्यांवर आहे तुझा चष्मा. काय निघालं, बाई? आतलं काही जळलंय? सांगून टाका, माझी तयारी आहे.

दुरुस्तीवाली : काही जळलं नाही. एक सेटिंग आहे, ते कधीकधी आपोआप...

काका : आपोआप काही होत नसतं. वाफ आपोआप कोंडत नाही. कुणीतरी चावी फिरवलेली असते.

काकू : मी फिरवली.

काका : काय?

काकू : साहेबांचे मेसेज मी म्यूट केले. बहिणीनं शिकवलं. तिला वाटलं, मला तिचीच फुलं बंद करायचीत. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

काका : तू? मी पंधरा दिवस पातेल्यात डोकं घालून बसलोय आणि तू समोर बसून...

काकू : भाजी निवडत होते.

काका : अगं, तिथे लोकांना वाटलं असेल, हा म्हातारा गेला!

काकू : वाटू दे. मागच्या वेळी खरंच निघाला होतात. भट्टीपाशी भोवळ येऊन पडलात, तेव्हा माझा फोन वाजला होता. ‘काकू, घाबरू नका.’ सांगणाऱ्याचीच बोबडी वळली होती. तेव्हापासून तुमचा फोन वाजत नाही म्हणून तुम्ही येरझाऱ्या घालता, आणि माझा वाजला की मी.

काका : ती भोवळ उपाशीपोटी गेलो म्हणून.

काकू : डॉक्टर हृदय म्हणाले. पोट म्हणाले नाहीत.

काका : डॉक्टरला वाफेतलं काय कळतं!

दुरुस्तीवाली : मी जरा बाहेर उभी राहू का?

काकू : कशाला? तुमचंच दुकान आहे.

काका : वाचा हो, काय काय आलंय ते.

दुरुस्तीवाली : ‘काका, उद्या याल का?’ मग नुसतं ‘काका?’ मग एक प्रश्नचिन्ह. मग ‘ठीक आहे.’

काका : ‘ठीक आहे’ म्हणजे टोमॅटो.

दुरुस्तीवाली : थांबा, आज सकाळचाही आहे. ‘नवीन माणसाला दाब सांभाळता येत नाही. उद्या येणार का, संध्याकाळपर्यंत कळवा. यापुढे त्रास देणार नाही.’

काका : ऐकलंस?

काकू : ऐकलं.

काका : विचारतायत ते. घरी मला कुणी विचारत नाही गं, कळवतात. मुलानं घर बदललं, कळवलं. तू सोफा विकलास, ते मी बसायला गेलो तेव्हा कळलं. तिथं चार शिकलेली माणसं तासभर भांडतात आणि शेवटी म्हणतात, काकांना विचारा. तेवढ्यासाठी जातो मी. वाफेची काय हौस आहे?

काकू : मग हे मला आधी नाही का सांगायचं?

काका : तू विचारलंस कुठे?

काकू : ... तेही खरंच. बाई, ते म्यूट काढून टाका.

दुरुस्तीवाली : काढलं.

काकू : आणि लिहा त्यांना. उद्या येतात. खाऊन येतात. जिना चढणार नाहीत, खाली बसून सांगतील. खुर्ची ठेवा.

काका : खुर्ची नका लिहू! मी कधी बसून पाळी केली नाही.

काकू : खुर्ची लिहा. हात असलेली.

दुरुस्तीवाली : लिहिलं. पाठवू?

काका : पाठवा. आता तुम्हा दोघींची सही झाल्यावर मी कोण? ... बाई, एक करता येईल? साहेबांचा मेसेज हिच्या फोनवर वाजेल असं?

दुरुस्तीवाली : येईल की. तुमचं खातं त्यांच्या फोनला जोडून देते. दोन्हीकडे वाजेल.

काका : दोन्हीकडे नको. माझा राहू दे बंद. हिच्याकडेच वाजू दे.

काकू : आणि मी तुम्हाला सांगितलंच नाही तर?

काका : तर मी समजेन, आज बॉयलर बरा आहे.