तिसावं तिकीट

...नाही, तुम्हीच सांगा, लग्नाला जेमतेम दीड महिना झालेला, क्वार्टरच्या खिडक्यांना पडदे आत्ता कुठे लागलेले आणि सरकारचं पत्र येतं! ज्या स्टेशनावर रोज तीस तिकिटं खपत नाहीत ते बंद, सिग्नल मुख्यालयातून हलणार, स्टेशनमास्तरनं क्वार्टर रिकामं करावं! स्टेशनमास्तर कोण? माझे सासरे! आमची तिकिटं किती? सत्तावीस! सासरे चष्मा पुसत म्हणाले, "धोरण आहे, सूनबाई!"

सत्तावीस अधिक घरातल्या सासूबाई, आत्याबाई आणि मी... झाले की तीस! मी आपलं हळूच सुचवलं, "तीन तिकिटं काढू, आणि घरीच बसू." अहो, असे दचकले, जणू मी रूळच उचकटायला निघाले! "तिकीट काढून गाडीत बसायचं नाही? ही फसवणूक झाली! धोरण आहे, सूनबाई!"

झालं! रोज सकाळची गाडी, पुढचं स्टेशन, बाकावर पाऊण तास, परत. भाजी गाडीतच निवडायची. आत्याबाईंचे दोन स्वेटर विणून झाले, सासूबाईंचं तिथल्या चहावालीशी भांडण होऊन समेटही झाला! मला ताप आला तर सासऱ्यांनी खिडकीतून गोळी आणि तिकीट एकदमच पुढे केलं! आणि नवरा? फलाटावरून हात हलवतो... "जपून जा गं!" जशी काही मी सातासमुद्रापार चाललेय!

शेवटी मुख्यालयातले साहेब तपासणीला आले. वही चाळत म्हणतात, "मास्तर, रोज तीसच? ना एकोणतीस, ना एकतीस?" मी भाजीची पिशवी पाठीमागे लपवली! आणि सासरे? सरळ सांगून मोकळे, "तीन माझ्या घरच्या आहेत, साहेब."

गेलं क्वार्टर, गेले पडदे!

साहेब म्हणाले, "प्रवास करतात ना?"

"रोज."

"मग प्रवासीच की!"

वाचलं हो स्टेशन! पण साहेबांना भावी धोरणाच्या समितीवर एक नियमित प्रवासी हवा होता. सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "आमची सून फार कमी बोलते." साहेब खूश! "मग समितीला अगदी योग्य!"

गेले मी मुख्यालयात. सात साहेब, एक मी. कुणीतरी काहीतरी वाचलं, "कुणाची हरकत?" मी आपली सवयीनं गप्प... आणि ठराव एकमतानं मंजूर! पुढच्या महिन्यापासून तीस नाही, चाळीस तिकिटं!

काल आईला फोन केला, "तू, बाबा, काका, काकू, सगळी भावंडं... दहाजण या, चांगले मुक्कामाला या!" आई हरखली, "अगं, गोड बातमी आहे का काही?"

म्हटलं, "धोरण आहे, आई!"