सतरंजीच्या पिशवीतल्या लॅपटॉपबाबत

मी, भुजंग सुदाम पवळे, वय ७१ वर्षे, धंदा शेती, पूर्वी कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर, रा. धर्माबाद, जि. नांदेड. आज लातूर येथील पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, विचारल्यावरून सांगतो ते असे की,

वरील पत्त्यावर मी व माझी पत्नी धुरपता असे दोघे राहतो. लेक जया लातूरला दिलेली आहे. मागच्या आठवड्यात मी तिच्याकडे येत होतो. सोबत माझा लॅपटॉप होता. लॅपटॉपची काळी बॅग चोराला लांबून हाक मारते, असे धुरपताचे म्हणणे असल्याने तिने जुन्या सतरंजीची पिशवी शिवून दिली होती. लातूर स्टँडवर पिशवी बाकावर ठेवून मी पाणी भरायला गेलो. परत आलो तेव्हा ती तिथे नव्हती. त्याची तक्रार मी याच ठाण्यात दिली आहे.

स्टँडवरच्या कॅमेऱ्यात दिसल्यावरून पोलिसांनी मुरुड येथून लॅपटॉप आणला व मला ओळखण्यासाठी बोलावले. मी आलो तेव्हा बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते व त्यांच्याजवळ एक बाई उभी होती. म्हाताऱ्यांचे नाव रामलिंग, त्यांना मी अप्पा म्हणतो. बाई त्यांची सून उज्वला, ती त्यांना मामा म्हणते. तिचा नवरा पुण्याला कंपनीत आहे व ती मुरुडला कापडाच्या दुकानात कामाला जाते. पिशवी स्टँडवरून अप्पांनी आपली समजून उचलली होती. त्यांना अलीकडे आठवण राहत नाही. परंतु लॅपटॉप घरात ठेवून घेतला तो उज्वलाने, म्हणून गुन्ह्यात नाव तिचे लागणार, असे मला सांगण्यात आले.

जमादार साहेबांनी लॅपटॉपची पावती मागितली. तो मी नांदेडला जुना घेतलेला असल्याने पावती नाही. मी म्हणालो, थोडं थांबा, बारा वाजू द्या, तो स्वतःच सांगेल कुणाचा आहे.

यावर खुलासा विचारल्यावरून सांगतो. रोजची कामे कॉम्प्युटरला ओळीने लिहून द्यायची, त्याला स्क्रिप्ट म्हणतात. मी ते म्हातारपणी व्हिडिओ पाहून शिकलो. माझी स्क्रिप्ट दहाबारा ओळींची आहे. ती दर मिनिटाला घड्याळ बघते आणि त्या वेळेच्या नावाची आवाजाची फाइल सापडली तर ती वाजवते. झाकण लावले तरी लॅपटॉप झोपू नये अशी व्यवस्था मी केली आहे. त्यात सगळे आवाज धुरपताचे आहेत. गोळी घ्या, मोटार बंद करा, वगैरे. बारा वाजता पाणी प्यायची आठवण आहे. हे सर्व ती मशीनला बोलत नाही, मला बोलते. मी फक्त बटण दाबतो.

बारा वाजता लॅपटॉप बोलला. परंतु आवाज धुरपताचा नव्हता. शब्द असे होते: "मामा, डब्यात वरण हाय. भाकरी फडक्यात हाय. गॅसला हात लावू नका."

जमादार साहेबांनी मला विचारले, "काय पवळे, ही का तुमची मंडळी?" तेव्हा उज्वला खाली मान घालून म्हणाली, "तो आवाज माझा हाय, साहेब."

मी साहेबांच्या परवानगीने लॅपटॉप उघडला. चार्जिंग पूर्ण होते. उज्वलाच्या आवाजाची फाइल १२०० या नावाने बरोबर जागी होती. धुरपताची पाण्याची फाइल पुसलेली नव्हती. तिचे नाव बदलून '१२०० जुनी' करून ती शेजारीच ठेवली होती. माझ्या इंजिनिअर जावयाने गेल्या दिवाळीला ही काळजी घेतली नव्हती.

हे कोणी शिकवले असे मी उज्वलाला विचारले. ती म्हणाली, "त्यातच लिहिलेलं व्हतं की."

त्यात म्हणजे लॅपटॉपमध्ये समोरच एक नोंद आहे. ती मी धुरपतासाठी लिहिली होती. मजकूर असा: पहिलं, भिऊ नको. मशीन नव्या म्हशीसारखं असतं, ओळख पटेपर्यंत लाथ झाडतं. दुसरं, लाल गोल दाबून बोल. तिसरं, त्याला वेळेचं नाव दे. चौथं, जुनं पुसू नको, नाव बदलून बाजूला ठेव, उद्या लागतं. अशा नोंदी मी जयासाठी, जावयासाठी व गल्लीतल्या बऱ्याच जणांसाठी लिहून दिल्या. धुरपता म्हणते, लोक तुमची चिठ्ठी देवाच्या अंगाऱ्यासारखी घेतात, कपाळाला लावतात अन् विसरतात. तिने स्वतः ती अजून वाचलेली नाही. वाचून तसे केलेले पहिले माणूस मी आज ठाण्यात पाहिले.

लॅपटॉप परत का दिला नाही, असे विचारल्यावर उज्वलाने सांगितले की, पहिल्या संध्याकाळी पिशवीतून बाईचा आवाज आला, "अहो, उठा आता." अप्पा "हाव, उठलो" म्हणून उठले. दुसऱ्या दिवशी ते एकटे असताना त्याच आवाजावर वेळेवर जेवले. त्याआधी ती दुकानातून परतेपर्यंत डबा तसाच असायचा. ती म्हणाली, "दोन दिवसांनी नेऊन देऊ म्हणलं. मग मन होईना." रामलिंगअप्पांच्या पत्नीबाबत मी विचारले, त्यावर ती म्हणाली, "सासूबाई वारल्यात, पर मामांच्या ध्यानात ऱ्हात न्हाई."

मी ठाण्यातून धुरपताला फोन लावला व सर्व हकीकत सांगितली. ती आधी म्हणाली, "माझ्या बोलण्यावर कुणी येळेवर जेवतंय, हे लई झालं. तुम्ही तर कधी जेवला न्हाई." नंतर म्हणाली, "राहू द्या तिच्याकडं. तुम्हाला हाक मारायला मी हायच की इथं."

तरी माझे म्हणणे असे की, पिशवी आम्ही शिवली तीच कुणालाही आपली वाटावी अशी होती. माझी तक्रार चोरीची नसून पिशवी बदलल्याची आहे, असे धरावे. उज्वलाविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. तिच्या घरी नवऱ्याचा जुना कॉम्प्युटर बंद पडून आहे. तो मी दुरुस्त करून त्यात स्क्रिप्ट बसवून देणार आहे. तोवर लॅपटॉप तिच्याकडे राहण्यास माझी हरकत नाही. मला बोलावल्यास मुरुडला येईन, न बोलावल्यासही येईन. हे शेवटचे वाक्य लिहू नका म्हणालो होतो, पण साहेबांनी लिहिले.

माझा जबाब जमादार साहेबांनी मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच तो उतरला आहे. वाचणे संपता संपता एक वाजला आणि टेबलावरून धुरपताचा आवाज आला, "अहो, उठा, जेवायला चला. काय ते खटखट करून राहिले." रामलिंगअप्पा "हाव, आलो" म्हणून बाकावरून उठले व हात धुवायचे पाणी कुठे आहे, असे त्यांनी साहेबांना विचारले. लॅपटॉप कुणाचा याबद्दल मला पुढे काही विचारण्यात आले नाही. मी अप्पांच्या अगोदरच उठून उभा होतो. सही उभ्यानेच केली आहे.