एकशे सतरा नंबरचा तक्ता

आणि वर मलाच विचारतात, "काका, सामना आवडला का?" अहो, सामना बघितलाय कुणी! आठ हजार माणसं माना वर करून टोपलीकडे बघत होती आणि मी एकटा मान खाली घालून… नाही नाही, झोपलो नव्हतो! जमीन बघत होतो. ती लाकडी जमीन, जिच्यावर ते दहा ताडमाड गडी धावत होते ना, ती माझी. म्हणजे मालकीची नव्हे हो, हातची! पण खाली कोण बघतं?

तुम्हाला सांगतो, लोकांना वाटतं बास्केटबॉलची जमीन तिथं जन्मापासूनच आहे. कसली आलीय! त्याच सभागृहात काल गाण्याचा कार्यक्रम, परवा फर्निचरचं प्रदर्शन आणि मधल्या दिवशी सामना, मग आम्ही सहा सुतारांनी दोनशे चाळीस तक्ते ओढून आणायचे, नंबरवार एकात एक अडकवायचे, मधे नख शिरेल एवढीसुद्धा फट राहता कामा नये, आणि सामना संपला की परत सगळे उचला! एकतीस वर्षं केलं हे. आणि सामने किती पाहिले? एकही नाही! जमीन टाकली की आम्ही घरी. गेल्या आठवड्यात निवृत्त झालो तेव्हा मॅनेजरसाहेबांनी दोन तिकिटं हातावर ठेवली, पाचवी रांग, म्हणाले, "वहिनींना घेऊन या." आमची ही तर ठेवणीतले कपडे घालून तासभर आधीच दारात उभी.

पण खरं सांगू? माझा जीव अडकला होता एकशे सतरा नंबरच्या तक्त्यात. डावीकडच्या कोपऱ्यातला. आता या खेळात चेंडू धरून पळता येत नाही, जमिनीवर आपटत आपटतच न्यावा लागतो, आणि एकशे सतरावर चेंडू आपटला की… भद्द! कणकेचा गोळा पडावा तसा. वर यायचं नावच नाही! खालची आडवी पट्टी तडकलेली, रबराचे गट्टे झिजलेले, मेलेला तक्ता हो! दरवर्षी मी मॅनेजरसाहेबांना सांगायचो, "साहेब, पट्टी बदलू या." ते आपले गालातल्या गालात हसायचे, "राहू द्या हो काका, कुणाचं काय अडलंय?" कुणाचं काय अडलंय! माझ्या हातून मेलेला तक्ता लागतो आणि कुणाचं काय अडलंय! शेवटच्या दिवशी म्हटलं, बास. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही, घरून चांगलं मुरलेलं लाकूड नेलं, गुडघे टेकून तीन तास बसलो, नवी पट्टी, नवे गट्टे. चेंडू आपटून पाहिला. टण्ण! डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू?

पण मी आपटणं वेगळं आणि शंभर किलोचा गडी वरून आदळणं वेगळं. त्या पट्टीचा हा पहिलाच सामना. टिकली तर मी सुतार, आणि करकरली तर एकतीस वर्षं पाण्यात!

सुरू झाला सामना. आमची ही पहिल्या मिनिटापासून उड्या मारतेय, "गेला, गेला, टोपलीत गेला!" मी म्हटलं, जाऊ दे, त्याचं कामच आहे ते. तेवढ्यात एक सात फुटी गडी धाडकन आडवा झाला. सगळं सभागृह हळहळलं, "अरे अरे, लागलं का?" मीही उभा राहून ओरडलो, "लागलं का रे?" ही माझ्याकडे कौतुकानं बघते, "किती हो मऊ मन तुमचं!" आता हिला काय सांगू, मी जमिनीला विचारत होतो!

बरं, अर्धा सामना झाला, पाऊण झाला, एक माणूस एकशे सतरावर फिरकेल तर शपथ! आमचा तो बुटका, म्हणजे सगळे लाडानं बुटका म्हणतात, उंची फक्त सहा फूट, तो तर कोपरा आला की असा वळसा घालायचा, जसा काही तिथं विंचू बसलाय. मी म्हणतोय, अरे जा की रे! नवी पट्टी आहे! एकदा तरी आपट! पण खाली कोण बघतं?

शेवटचे नऊ सेकंद राहिले. आपण एका गुणानं पुढे, चेंडू पाहुण्यांकडे. खेळ थांबलेला. माझ्या शेजारी एक भोंगेवाला, सामनाभर माझ्या उजव्या कानाचं भजं केलेलं त्यानं, तो माझ्याकडे वाकून हळूच म्हणतो, "आजोबा, आता गंमत बघा. आपला बुटका त्यांच्या गड्याला रेटत रेटत त्या डाव्या कोपऱ्यात नेणार. तिथं चेंडू मरतो! आपल्या पोरांना ठाऊक आहे, पाहुण्यांना नाही. किती सामने काढलेत आपण त्या जागेवर! कुणी केलीय देव जाणे, पण हात जोडले पाहिजेत त्याला!"

मॅनेजरसाहेब का हसायचे ते आत्ता, पाचव्या रांगेत, एकतीस वर्षांनी कळतंय! ओरडून सांगू? कुणाला? भोंग्यापुढे माझा काय आवाज! शिट्टी झाली. पाहुण्यांचा चोवीस नंबर चेंडू आपटत निघाला, बुटका त्याला रेटतोय, डावीकडे, अजून डावीकडे, आठ हजार माणसं, "कोपऱ्यात! कोपऱ्यात!" आणि मी… काय सांगू तुम्हाला… संघ माझा, गाव माझं, अन् माझं मन आतून म्हणतंय, उसळ! उसळ रे बाबा!

चोवीस नंबरनं चेंडू आपटला, एकशे सतराच्या बरोब्बर मधोमध. बुटका दोन्ही हात पुढे करून वाट बघतोय चेंडू मरायची…

टण्ण!

असा उसळला, असा सरळ चोवीस नंबरच्या तळहातात आला, नव्या कोऱ्या जमिनीवरसुद्धा येणार नाही असा! त्यानं तिथूनच फेकला, टोपलीत. सामना संपला. आपण हरलो.

आठ हजार माणसं गप्प. आणि त्या शांततेत एकच माणूस उभा राहून टाळ्या वाजवतोय… मी! काय करू, हात थांबेचनात! ही माझा शर्ट ओढतेय, "अहो बसा, लोक मारतील!" भोंगेवाल्यानं भोंगा खाली ठेवला. "आजोबा, तुम्ही नक्की कुठल्या बाजूचे?" मी म्हटलं, "मी खालच्या बाजूचा." त्याला काही कळलं नाही. कळणार कसं? खाली कोण बघतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरसाहेबांचा फोन. "काका… त्या तक्त्याला तुम्ही हात लावला होता का?" मी छाती काढून सांगितलं, "हो साहेब! ठणठणीत केलाय. पुढची वीस वर्षं बघायला नको!" मग अगदी गरीब आवाजात, "काका, पुन्हा पहिल्यासारखा करून द्याल?"

म्हटलं, देतो करून. संघ शेवटी आपलाच. उद्या बोलावलंय. तीन दिवस घरी सराव करतोय हो! चार पट्ट्या तडकवून झाल्या, एक धड बिघडेल तर शपथ. ही म्हणते, "एवढं काय त्यात? हाणा एक हातोडा आणि व्हा मोकळे!" असा कसा हातोडा हाणू? बिघडवायचं काम असलं म्हणून काय झालं, ते तरी नीट व्हायला नको?