पाणी कुठंय ते आधी बघ

आमी मूळचे देहूरोडच्या पलीकडचे, मावळातले, भातखाचरवाले, मी चाकणला मालवाहू रिक्षा बनवणाऱ्या कंपनीत सर्व्हिसला. पाणी म्हंजे आमच्यासाठी धरणाचं, सोडलं की येणार, बंद केलं की थांबणार. आन् अशा माणसाला कंपनीनं तीन महिने पाठवलं कुठं, तर आफ्रिकेच्या कडेला पेंबा बेटावर, तिथं विकलेल्या गाड्यांच्या दुरुस्तीला! काय सांगू तुम्हाला दादा, रस्त्याच्या कडेनं चटयांवर लवंगा वाळत टाकलेल्या, गाडीतून जाताना नुसता वास, डोंगर तर आपल्यासारखेच हिरवेगार. लवंग डोंगरावर, आन् खाली समुद्रात बाया शेवाळ लावतात, व्हय, शेवाळाची शेती! खुंट्या, दोऱ्या, दोऱ्यांना रोपं. दीड महिन्यानं काढायचं, वाळवायचं, व्यापारी नेतो.

तिथली आशा, नाव आपल्यासारखंच, मी आशामावशी म्हणायचो. शेवाळ लावणाऱ्या बाराजणींनी मिळून आमच्या कंपनीची मालरिक्षा घेतलेली, ती चालवायची मावशी. पिक्चर बघून बघून हिंदी शिकलेली. एक दिवस तिचा फोन, भाई गाडी बंद, जल्दी आओ. गेलो तर ओहोटीच्या वाळूत गाडी उभी, मागं ओल्या शेवाळाची पोती, क्लच केबल तुटलेली. मावशी म्हणली, पहले धक्का मारके ऊपर लेते हैं, पानी आयेगा. मी बघितलं तर पाणी पार लांब, नुसती पांढरी रेघ. म्हणलं मावशी, धा मिनिटांचं काम हाय, इथंच करतो. कंपनीची सवय ना, जिथं गाडी तिथं काम. ती म्हणली, तू समंदर का इंजिनियर है क्या? बाकीच्या बाया हसल्या, मी बी हसलो आन् पाना काढला.

दादा, पाणी समोरून आलंच न्हाई! मागून आलं, मागं खोलगट पट्टा व्हता तिथून, गुपचूप. केबल बसवली आन् उभा राहिलो तर पोटऱ्या ओल्या, चाकं निम्मी वाळूत. इंजिन चालू झालं पण चाकं जागेवरच फिराय लागली. खारं पाणी इंजिनात गेलं की गाडी संपली, बाराजणींची गाडी, माझ्यामुळं! बाया ढकलतायत, पाणी गुडघ्याला, मला रडूच यायला लागलं.

आमच्याकडं खाचरात ट्रॅक्टर रुतला की चाकाखाली पोती घालतात. माहीत व्हतं मला, पण सांगणार कसं? पोत्यांत दीड महिना व्हता त्यांचा. मी नुसतं पोत्यांकडं बघितलं. मावशीनं माझ्याकडं बघितलं, कंबरेचा कोयता काढला आन् पोतं फाडलं. दुसरं. तिसरं. सगळी. शेवाळ गेलं पाण्यावर तरंगत, रिकामी पोती चाकांखाली, आन् एक, दोन, तीन, निघाली गाडी!

वर आल्यावर मी सॉरी सॉरी करतोय. मावशी म्हणली, सॉरी से शेवाळ उगता है क्या? कल सुबह आ. मग दर सुट्टीला कंबरभर पाण्यात उभा राहून रोपं बांधली, बोटं सोलली. बाया माझ्या गाठींना हसायच्या आन् परत सोडून बांधायच्या. ते पीक निघालं त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी परत आलो.

आता चाकणलाच हाय. मोबाइलमधी तिथल्या भरतीची वेळ रोज बघतो, कशाला ते विचारू नका. मावशीचा व्हॉइस मेसेज येतो, भाई, पानी कहाँ है? मी म्हणतो, मावशी, तुझ्याकडं साडेचारला चढणार, गाडी वर घे. ती हसती. सुखी राहू दे ती माउली, गाडी बी चालू राहू दे.