पेरियवरांना केलेला सलाम

आपल्या कुंभकोणात हत्ती कोणी पाहिला नाही? देवळापुढं घंटा वाजवत येतो, केळं घेतो, डोक्यावर सोंड ठेवतो. पण खरा हत्ती मी पाहिला तो कॉलेजच्या उन्हाळी सुट्टीत, जंगलखात्यात बिनपगारी उमेदवार होतो तेव्हा.

पहिलाच आठवडा. तिथल्या डोंगरातलाच एक मारी नावाचा वाटाड्या पुढं, मी मागं. एकाएकी तो थांबला नि तमिळमध्ये कुजबुजला, "सामी, पेरियवर येताहेत. वाट सोडा."

सामी म्हणजे स्वामी, मालक; पेरियवर म्हणजे थोरले. घरच्या वडीलधाऱ्यांना म्हणतात तेच. मला वाटलं, गोरा साहेब तपासणीला आला! मी कोटाची बटणं लावली, पगडी सारखी केली आणि वाटेच्या मधोमध सलाम ठोकून उभा राहिलो. मारी झाडामागून हात जोडून विनवतोय, "सामी, सामी!"

बांबू बाजूला झाले आणि वाटेवरचं ऊनच गेलं. घंटा नाही, पावलांचा आवाज नाही. मान वर केली, तर हत्ती! माझा हात कपाळावर तसाच गोठला. त्यानं मला नीट पाहिलं, माझ्या तोंडावर एक ऊन ऊन फुंकर मारली आणि वळून निघून गेला.

"हत्ती म्हणायला काय झालं होतं रे?" मी कसंबसं विचारलं.

"त्यांच्याच घरात त्यांचं नाव कसं घ्यायचं, सामी?"

दुसऱ्या दिवशी खरा साहेब आला. सगळ्यांनी सलाम केला. मीही हात उचलला, पण तो छातीच्या वर काही गेला नाही.