वायू गेला कुठं?

...आणि वर म्हणे, वायू पाण्यात विरघळतो. साखर आहे का ती? तुम्हाला सांगतो, इथंच आमच्या शिवरामदादाचं डोकं सटकलं. दादा म्हणजे कोपरच्या खाडीत चाळीस वर्षं चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडणारा माणूस, डॉक्टरनं गोळी दिली तर आधी डॉक्टरला खायला लावेल असा... आणि त्याच्या बंदरावर आली कोण, तर अंतरा नावाची ठाण्याची संशोधक पोरगी. सांगते काय, हवेतला कार्बन डायऑक्साइड समुद्राच्या पाण्यात साठवता येतो, बंदरावर टाक्या ठेवून चाचणी करायचीय, मच्छीमारांची सही हवी. सगळ्यांनी सही दादावर ढकलली. दादाचा एकच सवाल, वायू गेला म्हणजे कुठं गेला?

पाण्यात, ती म्हणाली. पण पाण्यात गेला म्हणजे कुठं गेला?

तिनं बाटलीतल्या पाण्यात निळा रंग टाकला, म्हणाली, नळीनं फुंका. दादा कसला फुंकतोय... बाटली तुझी, पाणी तुझं, हे जादूचे प्रयोग गणपतीत दाखव म्हणाला. शेवटी बरणी दादाच्या बायकोची, मालनवहिनीची, भरतीचं पाणी दादानं स्वतः आणलेलं, नळी शहाळेवाल्याची. रंग तेवढा तिचा, तोही दादानं आधी हुंगला. मग फुंकला, फुंकला... निळं पाणी हिरवं झालं, मग पिवळट. अंतरा म्हणाली, श्वासातला वायू विरघळला की पाणी आंबट होतं, आणि आंबट पाण्यात हा रंग बदलतो. वहिनी म्हणाली, हे तर मी लग्नापासून सांगतेय.

आंबट पाण्यात चिंबोऱ्यांचं कवच नीट धरत नाही, म्हणून त्यात चुन्याच्या जातीची भुकटी टाकायची. तिनं चिमूटभर टाकली, ढवळलं, पाणी परत निळं. दादा बरणीखाली वाकून बघतोय... वायू गेला कुठं? तर म्हणे गेला नाहीच, खाण्याच्या सोड्यासारखा क्षार होऊन पाण्यातच बसला, हजारो वर्षं बसेल. आणि हे मोजायला कोण बसणार, दादा म्हणाला. मग आवाज एकदम खाली आला.

"बाय, माझ्या चिंबोऱ्या मेल्या तर?"

"माहीत नाही, काका. म्हणूनच आधी टाकीत करतोय, खाडीत नाही."

तुम्हाला सांगतो, त्या बंदरावर आजवर पूलवाले आले, रेतीवाले आले, सगळ्यांना सगळं माहीत होतं. 'माहीत नाही' म्हणणारी ही पहिली. दादानं सही केली, पण अटीवर... टाकीत चिंबोऱ्या माझ्या, आणि पाणी रोज मी तपासणार.

आता रोज सकाळी दादा पाण्याचा आंबटपणा मोजायचं मीटर घेऊन टाकीवर. तीन आठवडे झाले, चिंबोऱ्या ठणठणीत, तो घरोघरी सांगतोय, पण ऐकतंय कोण? गाव म्हणतं, शिवराम फुटला. मी म्हटलं, दादा, वाईट वाटत असेल. तर म्हणाला, "वाईट कसलं? त्यांच्या जागी मी असतो तर मीपण नसता ठेवला माझ्यावर विश्वास."