आईवरचा लेख

१९९४ साली उल्हासनगर कॅम्प दोनच्या झेरॉक्सच्या दुकानात नलिनी रांगेत उभी होती. मागे निवृत्त वायरमन सखाराम आणि त्याच्या मुलीचे जुने गुरुजी बोलत होते.

“गुरुजी, आमच्या विशाखाच्या संशोधनाच्या लेखांची यादी.”

“सगळे वीजवाहिन्यांवर, आणि शेवटचा मेंदूवर?”

“तिच्या आईला फिट यायची ना! आम्ही कांदा हुंगवायचो. पोरगी म्हणायची, बाबा, डोक्यातपण वीजच असते.”

“वर्गातही असंच बोलायची. हे आकडे कसले?”

“तेवढ्या लोकांनी आपापल्या लेखात त्या लेखाचा आधार घेतला.”

“वाहिन्यांवरच्या एकाला एकतीस! मेंदूवरच्याला शून्य?”

“तो आई गेल्यावर छापून आला. कोणी वाचला नसेल.”

“आणलायस ना? दोन प्रती काढ. आज तुझ्याकडे बसून मोठ्यानं वाचू.”

नलिनीनं मागे सरून रांगेतला आपला नंबर त्यांना दिला.